निदान एवढे तरी

दिवाळी अंकात आजारपणाविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे आणि तो मला मान्य आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी रक्तलघवीच्या गोष्टी कशाला वाचाव्यात? संपादकांचे पत्रही यंदा नेहमीसारखेच आले : "सदर चालू ठेवावे, मजकूर हलकाफुलका असावा." माझा विषय ठरलाही होता. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांशेजारी उभी राहणारी प्लास्टिकची मोटार, या ऐतिहासिक चमत्कारावर लिहायचे होते. पण गेल्या पाडव्यापासून आमच्या घरात एक कागद फिरतो आहे. तो बाजूला सारून मावळ्यांकडे वळलो की लेखणी अडते. तेव्हा नेहमीच्या वाचकांनी या वर्षी एवढी सवलत द्यावी.

कागदाची हकीकत अशी. माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. बँकेत नोकरी, डोंबिवलीला बिऱ्हाड, आणि बत्तीस वर्षे रोज एक पाकीट सिगारेट. त्यांचे चिरंजीव पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांनी गेल्या पाडव्याला वडिलांना भेट दिली ती धोतरजोडीची नव्हे, तर 'संपूर्ण देहतपासणी'ची. घरी येऊन रक्त नेणार आणि पाऊणशे चाचण्यांचे निकाल मोबाइलवर धाडणार. साडीच्या दुकानात दोन साड्यांवर एक रुमाल फुकट मिळतो, त्या न्यायाने त्या पाऊणशेत एक-दोन कर्करोगाच्या चाचण्याही होत्या.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी निकाल आला. साखर ठीक, चरबी थोडी जास्त, आणि 'सीईए' नावाच्या एका ओळीपुढे ठळक चांदणी. मर्यादा पाच, दादांचा आकडा सहाच्या वर. खाली बारीक अक्षरांत : 'वैद्यकीय सल्ला घ्यावा.'

वहिनींचा फोन मला आला. घरात डॉक्टर नसला की लोक प्राध्यापकालाच डॉक्टर समजतात. त्यातून मी नुसता एम.ए., नावामागे लावायला ते 'डॉ.'ही नाही. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हे काय आहे हो? यांनी वाचलंय, पण बोलत नाहीत. गॅलरीत जाऊन बसलेत." मी विचारले, "सिगारेट ओढताहेत का?" त्या म्हणाल्या, "नाही. तेच तर."

त्या 'तेच तर'मध्ये काय होते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. २००१ साली आमचे अण्णा फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. खोकला जात नाही म्हणून ते एका डॉक्टरांकडे गेले. क्ष-किरणांच्या फोटोत डाग दिसला. आपल्याकडे फुप्फुसावर डाग म्हणजे क्षय, हे समीकरण इतके पक्के की थुंकीत जंतू न सापडताही गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने त्या गोळ्या अण्णांनी निष्ठेने घेतल्या. वजन उतरत राहिले, आणि जेव्हा गाठीचा तुकडा तपासला गेला तेव्हा रोग हाडांत पोचला होता. तो निकाल आणायला दादा एकटे गेले. माझी एम.ए.ची परीक्षा होती. संध्याकाळी ते आले, मला म्हणाले, "तू तुझा पेपर लिही," आणि पुढची फी त्यांनीच भरली. ही तक्रार म्हणून सांगत नाही. असे डाग आणि अशी चूक आपल्या देशात अनेक घरांनी पाहिली आहे. फक्त आमच्या घरात 'वेळेवर कळले असते तर' हे वाक्य तेव्हापासून अर्धवट लोंबकळते आहे, एवढेच.

म्हणून त्या चांदणीकडे पाहताना पहिल्यांदा वाटले ते असे, की या वेळी वेळेवर कळले! विज्ञान किती पुढे गेले! एका नळीभर रक्तात सारे उमगते!

आमचे डॉक्टर वयस्क आहेत, आणि रोग्याशी बोलायला त्यांना वेळ असतो, हा आजकाल अवगुणच. त्यांनी कागद पाहिला आणि दादांना विचारले, "सिगारेट किती?" मग म्हणाले, "ही चाचणी तुम्ही मागितली कोणाकडे? मी तरी सांगितली नव्हती."

त्यांच्याकडून समजले ते असे. सीईए हे एक प्रथिन आहे. १९६५ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरी गोल्ड आणि फ्रीडमन या दोघांना ते आतड्याच्या कर्करोगात सापडले. गर्भाच्या आतड्यातही ते असते. तेव्हा जगाला वाटले, झाले, रक्तातून कर्करोग ओळखण्याची किल्ली मिळाली. पण किल्ली फार कुलुपांना लागू लागली. हे प्रथिन यकृताच्या आजारात वाढते, आतड्याच्या दाहात वाढते, आणि काही आजार नसलेल्या धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तातही थोडे जास्त असते. उलट फुप्फुसात लहानशी गाठ असताना ते पुष्कळदा मुळीच वाढत नाही. ज्याला रोग आहे हे आधीच कळले आहे, त्याचा रोग उपचाराने हटतो की उलटतो हे पाहायला ते उपयोगी. निरोगी दिसणाऱ्या माणसात रोग हुडकायला नाही.

"म्हणजे हा कागद फाडून टाकू?" दादांचा चेहरा उजळला.

"कागद फाडा," डॉक्टर म्हणाले, "पण तुम्ही इथेच बसा. वय अठ्ठावन्न, बत्तीस वर्षे रोज एक पाकीट. ही चाचणी झाली नसती तरी तुमच्या छातीचा कमी किरणांचा सीटी स्कॅन करावा असे मी म्हटले असते. अमेरिकेत २०२१ पासून सल्ला आहे : वय पन्नास ते ऐंशी, आणि रोज एक पाकीट या हिशेबाने वीस वर्षांचे धूम्रपान, असा माणूस अजून ओढत असेल किंवा सोडून पंधरा वर्षे झाली नसतील, तर दर वर्षी स्कॅन करावा. तुमच्या दारावर चुकीच्या माणसाने टकटक केली. पण दार उघडायला हवेच होते."

स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण निघाला. दादांना लहानपणी कधी क्षय झाला होता हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. डाव्या बाजूला चार मिलिमीटरची एक गाठ, मसुरीच्या दाण्याएवढी. "बहुतेक काही नसेल," डॉक्टर म्हणाले, "वर्षाने पुन्हा पाहू." ते 'बहुतेक' आम्ही गेले वर्षभर उशाशी घेऊन झोपतो आहोत.

मराठीच्या मास्तराला अशा वेळी दुसरे काही सुचत नाही, शब्द सुचतात. 'निदान' हा शब्द माझ्या डोक्यात घोळू लागला. संस्कृतात निदान म्हणजे मूळ कारण. म्हणून वैद्यांनी रोग ओळखण्याला निदान म्हटले आणि 'माधवनिदान' हा त्यांचा मान्य ग्रंथ झाला. जुन्या मराठीत 'निदानी' म्हणजे शेवटी, अखेरच्या क्षणी. आणि आपण घरात रोज बोलतो ते निदान म्हणजे कमीत कमी : 'निदान फोन तरी करायचास.' आरंभ, शेवट आणि कमीत कमी, हे तिन्ही अर्थ एका शब्दात कसे नांदतात, हे मी वर्गात इतकी वर्षे सांगत आलो. अण्णांचे निदान निदानी झाले, हे मात्र वर्गात कधी सांगितले नव्हते.

तर लवकर निदान हवे, यात वाद नाही. फुप्फुसाचा कर्करोग एका जागी असताना सापडला तर शस्त्रक्रियेने पुष्कळ रोगी बरे होतात. तो अंगभर पसरल्यावर पाच वर्षे काढणारे शंभरांत दहासुद्धा नसतात. प्रश्न एवढाच, की लवकर कळले म्हणजे माणूस वाचलाच का?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७१ साली हा प्रश्न कसोशीने विचारायला घेतला. सिगारेट ओढणारे नऊ हजारांहून अधिक पुरुष घेतले. त्यांतल्या निम्म्यांचे छातीचे फोटो आणि थुंकीची तपासणी दर चार महिन्यांनी, सहा वर्षे केली. या गटात कर्करोग जास्त सापडले, लवकर सापडले, आणि रोग कळल्यावर ही माणसे जगलीही जास्त वर्षे. पण दोन्ही गटांतले मृत्यू मोजले तेव्हा ते कमी झालेच नव्हते! हा गुंता मला प्रथम उलगडेना. मग लोकलमधल्या प्रवाशाला शोभेल असा उलगडा झाला. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत एकाला कर्जतला जाग आली, दुसऱ्याला खडकीला. पहिल्याचा जागेपणीचा प्रवास लांब झाला खरा; पुणे मात्र दोघांनाही एकाच वेळी आले. लवकर जाग येणे आणि गाडी थांबवता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय काही गाठी इतक्या संथ, की न कळत्या तर माणूस दुसऱ्याच कारणाने, सुखाने म्हातारा होऊन गेला असता.

गाडी थोडी तरी थांबवता येते, हे २०११ साली दिसले. अमेरिकेतच ५३,४५४ धूम्रपान केलेल्या माणसांची पाहणी झाली. निम्म्यांना वर्षाला एक असे तीन कमी किरणांचे सीटी स्कॅन, निम्म्यांना साधे फोटो. स्कॅनच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शंभराला वीस या प्रमाणात कमी झाले. पुढे हॉलंड-बेल्जियममधल्या पाहणीनेही, २०२० साली, तीच ग्वाही दिली. पण त्या अमेरिकन पाहणीत सुमारे चौथा हिस्सा स्कॅनमध्ये काही ना काही 'दिसले', आणि दिसलेल्या शंभरांत छप्पन्न नव्हे, छ्याण्णव वेळा तो कर्करोग नव्हताच. ज्या देशात दादांसारख्या बँकेतल्या माणसाच्या छातीत त्याला ठाऊक नसलेला क्षयाचा व्रण निघतो, तिथे हे 'दिसणे' किती वाढेल, याचा विचार करावा. आणि स्कॅनचे यंत्र तालुक्याच्या गावी नसते. रक्त घेणारा माणूस असतो.

म्हणून सारे जग रक्ताकडे वळले आहे. त्यातले मर्म मला समजावले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. विज्ञानाची मुलगी, सक्तीची म्हणून मराठी घेतली आणि मन लावून शिकली. आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती याच विषयावर काम करते. मी तिला दादांचे नाव न सांगता विचारले. तिने अर्थात ओळखले.

"सर, तुम्ही आम्हाला पाठभेद शिकवलेत ना?" ती म्हणाली. "मग सोपे आहे. प्रत्येक पेशीत तीनशे कोटी अक्षरांची एक पोथी असते, डीएनएची. पेशी मेली की तिची पोथी फाटते आणि चिटोरे रक्तात वाहू लागतात. साधारण १६७ अक्षरांचे एकेक चिटोरे, आणि तेही तासा-दोन तासांत नाहीसे होणारे. १९४८ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला मांडेल आणि मेते यांनी ते पहिल्यांदा पाहिले, पण तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७७ साली दिसले की कर्करोगाच्या रोग्यांत चिटोरी जास्त असतात. गाठीतल्या पेशीही मरतात, त्यांचीही पोथी फाटते. आणि त्या पोथीत चुकीचे पाठ असतात."

"म्हणजे तुम्ही चिटोऱ्यांतून अपपाठ शोधता?"

"एक रीत ती. अक्षर बदललेले चिटोरे शोधायचे. दुसरी रीत अशी, की अक्षर तेच, पण डोक्यावरचा ठिपका बदललेला. डीएनएच्या अक्षरांवर रासायनिक ठिपके असतात, त्यांवरून कोणते पान वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे हे पेशीला कळते. कर्करोगात ठिपके भलतीकडे पडतात."

अनुस्वार! माझ्या तोंडून निघून गेले. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी किती ठिपके पुसले आणि त्यावर किती शाई सांडली, ते आठवले. ठिपक्याने अर्थ बदलतो हे मराठीच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

"आणि तिसरी रीत," ती हसून म्हणाली, "मजकूर वाचायचाच नाही. पान कसे फाटले आहे तेवढे पाहायचे. उंदराने कुरतडलेला कागद आणि हाताने फाडलेला कागद वेगळा दिसतो ना? गाठीतून आलेली चिटोरी जरा आखूड आणि वेड्यावाकड्या कडांची असतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मंडळींनी २०१९ साली हे सबंध पोथीभर मोजून दाखवले. तिथे हेतूही नेमस्त आहे. रक्ताने निकाल द्यायचा नाही. स्कॅनला कोणाला आधी पाठवावे एवढे सांगायचे. चाळणीसारखे."

"मग अडते कुठे?"

तिने समोरचा पेला उचलला. "नळीत. दहा मिलिलिटर रक्त घेतले की त्यातून साधारण चार मिलिलिटर रक्तद्रव निघतो. त्यात पोथीच्या सगळ्या मिळून पाच-दहा हजार प्रतींची चिटोरी असतात. गाठ मसुरीएवढी असेल तर तिचा वाटा दहा हजारांत एकाहूनही कमी. म्हणजे आम्ही शोधतो आहोत ते चिटोरे त्या नळीत आलेलेच नसते. डोळे कितीही तेज असोत, नसलेले कसे दिसणार? त्यात आणखी गंमत म्हणजे, वय वाढले की निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींच्या पोथीतही चुका शिरतात. त्या गाठीच्या म्हणून वाचल्या जातात."

मी गप्प झालो. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोर निदान पोथ्या तरी होत्या. इथे दहा हजार शुद्ध पोथ्या फाडून त्यांच्या ढिगात एक अशुद्ध पान मिसळले आहे, आणि त्या ढिगातली मूठभर रद्दी हातात देऊन म्हणतात, सांगा, अपपाठ आहे की नाही?

तिने आकडाही सांगितला. ठिपक्यांच्या रीतीने एकाच वेळी पन्नासांहून अधिक कर्करोग शोधणाऱ्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निरोगी दोनशे माणसांत तिची चूक एकदाच होते. हे मोठेच यश. चौथ्या अवस्थेतले शंभर रोगी दिले तर नव्वद ओळखते. पण पहिल्या अवस्थेतले शंभर दिले, म्हणजे ज्यांना ओळखायचे तेच, तर सतरा. घराला आग लागल्यावर ओरडणारा पहारेकरी चांगलाच. पण आपल्याला ठिणगी पाहणारा हवा आहे.

"नाउमेद होऊ नका," ती म्हणाली. "रोग कळल्यानंतरच्या कामात रक्त आजच उपयोगी आहे. गाठीचा तुकडा काढणे धोक्याचे असेल तर कोणते औषध लागू पडेल ते रक्तातल्या चिटोऱ्यांवरून ठरवतात. अमेरिकेत २०१६ साली अशा पहिल्या चाचणीला मान्यता मिळाली. तुमच्या अण्णांच्या वेळी हे नव्हते." अण्णांची गोष्ट मी तिला कधी सांगितली होती, ते मला आठवेना. बहुधा कुठल्या तरी तासाला, विषय सोडून.

रक्ताची चाचणी खऱ्या माणसांवर, खऱ्या वस्तीत लावून पाहिल्याचा एक चांगला दाखला स्कॉटलंडमधला आहे. ग्लासगो आणि आसपासच्या भागांत धूम्रपान फार, गरिबीही फार. तिथल्या घरगुती डॉक्टरांमार्फत पन्नास ते पंचाहत्तर वयाची १२,२०८ माणसे निवडली. निम्म्यांचे रक्त तपासले. या चाचणीत चिटोरी वाचायची नव्हती. गाठीविरुद्ध शरीर स्वतःच जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती पाहायची होती. चोर दिसला नाही तरी चौकीदाराच्या वहीत नोंद आहे का, असा हा प्रकार. ज्यांच्या वहीत नोंद सापडली त्यांना दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी स्कॅन.

निष्कर्ष दोन बाजूंनी वाचण्याजोगे आहेत. दोन वर्षांत तपासलेल्या गटात ५६ कर्करोग निघाले, त्यांतले ३३ पुढच्या अवस्थेतले. न तपासलेल्या गटात ७१ निघाले आणि त्यांतले ५२ पुढच्या अवस्थेतले. म्हणजे उशीर कमी झाला, हे खरे. पण साधारण दहात एकाला चाचणीने 'संशय आहे' म्हटले, आणि अशा शंभर संशयितांपैकी जेमतेम तीन-चार जणांनाच दोन वर्षांत रोग निघाला. बाकीच्यांनी दोन वर्षे आमच्यासारखी 'बहुतेक' उशाशी घेऊन काढली असतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तपासलेल्या गटातल्या ५६ रोग्यांपैकी निम्म्याहून अधिकांना चाचणीने आधी 'काही नाही' असेच सांगितले होते. आणि दोन वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांतल्या मृत्यूंत निश्चित म्हणावा असा फरक दिसला नव्हता.

ते 'काही नाही' मला 'संशय आहे'पेक्षा जास्त भिववते. आमच्या प्राध्यापक-कक्षात एक स्नेही आहेत. दादांची हकीकत ऐकून त्यांनी तीच तपासणी करून घेतली. सीईए दोनच्या आत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते कॉलेजच्या फाटकाबाहेर, सहा महिन्यांपूर्वी सोडलेली सिगारेट पुन्हा पेटवून उभे. "रक्त स्वच्छ आहे सर!" ते मला म्हणाले. जणू चारित्र्याचा दाखला मिळाला. मी त्यांना गाडीचा दृष्टांत दिला, चिटोऱ्यांचा दिला. ते म्हणाले, "तुमचं मराठी छान आहे." आणि धूर सोडला.

तेव्हा वाचकहो, मला जे कळले ते असे. रक्तातून हा रोग लवकर ओळखण्याचा दिवस येईल. एका नळीत मावणारा हा शोध खोटा नाही, तो अपुरा आहे. पण आज कोणी पॅकेजात रुमालासारखी अशी चाचणी देऊ करील, तर रक्त देण्याआधी घरात बसून तीन प्रश्न विचारावेत. ही कोणासाठी आहे : रोज पाकीट ओढणाऱ्यासाठी, की सरसकट सगळ्यांसाठी? 'आहे' असे आले तर पुढे काय करायचे, आणि ते करायला डॉक्टर, पैसा, धीर आहे का? आणि 'नाही' असे आले तर त्यावर कितपत विसंबायचे? तिसऱ्याचे उत्तर आज तरी 'फार थोडे' हेच आहे. ज्याची छाती खरोखर धोक्यात आहे त्याने डॉक्टरांना स्कॅनविषयी विचारावे. खोकला तीन आठवडे जात नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल, वजन उतरत असेल, तर कोणत्याही पॅकेजची वाट पाहू नये. आणि क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या तर थुंकीचा निकाल काय आला हे एकदा विचारावे. हे सिगारेट न ओढणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, कारण आपल्या देशात कधीही विडी-सिगारेटला न शिवलेल्यांनाही हा रोग मोठ्या प्रमाणात होतो. पण ज्याच्या खिशात पाकीट आहे, त्याला मात्र १९५० साली लंडनच्या डॉल आणि हिल यांनी दाखवून दिलेल्या गोष्टीसाठी रक्त द्यावे लागत नाही. डॉल स्वतः सिगारेट ओढत असत. स्वतःचेच आकडे पाहून त्यांनी ती सोडली.

दादांनीही सोडली. भाषण नाही, प्रतिज्ञा नाही. स्कॅनच्या दिवशी घरी येऊन त्यांनी पितळी रक्षापात्र धुतले आणि वहिनींच्या हाती दिले, तेवढेच. वर्षभर बडीशेप खाऊन खाऊन त्यांचे वजन चार किलोंनी वाढले आहे. आणि त्या वाढलेल्या वजनाचा आम्हाला इतका आनंद का होतो, ते ज्यांच्या घरी अण्णांसारखे कोणी झिजले असेल त्यांनाच कळेल.

परवा फराळाची भाजणी घेऊन डोंबिवलीला गेलो तेव्हा ते गॅलरीत आकाशकंदील बांधत होते. मला म्हणाले, "काय मास्तर, यंदा कशावर लिहिता?" मी खरे ते सांगितले. क्षणभर त्यांनी दोरी तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "लिही. माझं नाव तेवढं घालू नकोस. आणि त्या चांदणीवर जास्त लिहू नकोस, ही बघ, ही चांगली आहे," आणि कंदिलाच्या चांदणीचा दिवा लावला.

तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी त्यांचा दुसरा स्कॅन आहे. मसुरीचा दाणा आहे तेवढाच असेल, असे डॉक्टर म्हणतात. निकाल त्याच संध्याकाळी मिळतो. त्या दिवशी आमच्या कॉलेजात परीक्षेची देखरेख आहे; मी रजेचा अर्ज आजच दिला. या वेळी निकाल आणायला दादा एकटे जाणार नाहीत.

निदान एवढे तरी.